सुरणाला फुलू न देणारा तालुका

जानेवारीत जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. कन्नडमध्ये त्याला ‘गड्डे-गेणसू मेळा’ म्हणतात. गड्डा आपल्याला ठाऊकच आहे, गेणसू म्हणजे रताळं. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या या घाटमाथ्यावरच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून कुणबी बाया टोपल्या भरभरून माल आणतात आणि ओळीने मांडून बसतात. अळूच्या जातीची अजस्र मुडली, कोनांचे नाना प्रकार, काटेकणगी, करांदे आणि या सगळ्यांत ऐसपैस बसलेला, मातीने माखलेला सुरण. गिऱ्हाईक गड्डा उचलून हातात तोलतं, डोळा कुठे आहे ते बघतं आणि घासाघीस सुरू करतं.

या मेळ्यात सुरणाचं फूल मात्र कधी दिसत नाही. एक तर जानेवारी हा त्याचा हंगाम नव्हे. आणि दुसरं म्हणजे, जिथे सुरण नीट पिकवला जातो तिथे त्याच्यावर फुलायची वेळच येत नाही, त्याआधीच गड्डा खणून निघतो. ते फूल बघायला मिळतं विसराळू शेतकऱ्याला, नाहीतर ज्याच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातला सुरण मे महिन्यापर्यंत तसाच पडून राहिला त्याला. अशा घरात आधी उंदीर मेल्याचा संशय येतो. कपाटं सरकवली जातात, माळा धुंडाळला जातो आणि मग कधीतरी टॉर्चचा झोत टोपलीकडे वळतो. तिथे कोबीएवढं, काळपट लाल, सुरकुतलेलं काहीतरी उघडलेलं असतं.

याच सुरणाच्या एका भावंडासाठी लंडनमध्ये लोकांची झुंबड उडाली होती. ओदोआर्दो बेकारी या इटालियन निसर्गशोधकाला १८७८ मध्ये सुमात्राच्या जंगलात माणसापेक्षा उंच फुलोरा सापडला. त्याने बिया मायदेशी धाडल्या, त्यांतलं एक रोप लंडनजवळच्या किऊच्या उद्यानात पोचलं आणि १८८९ मध्ये तिथे ते फुललं. लागवडीत फुललेला हा पहिलाच. मटिल्डा स्मिथ या चित्रकर्तीने ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’साठी त्याचं चित्र काढलं आणि त्या वासाने तिची तब्येत बिघडली, असं सांगतात. पुढे १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पतिउद्यानात तो फुलला, १९३९ मध्ये पुन्हा फुलला आणि त्या वर्षी ब्राँक्सने त्याला चक्क आपलं अधिकृत फूल करून टाकलं. हा मान २००० सालापर्यंत टिकला, मग एका शहाण्यासुरत्या लिलीकडे गेला. शास्त्रीय नाव उच्चारताना दूरचित्रवाणीवर संकोच नको म्हणून डेव्हिड ॲटनबरो यांनी ‘टायटन एरम’ हे नाव रूढ केलं. संकोचाचं कारण अमॉर्फोफॅलस या नावातच आहे. ग्रीकमधून आलेल्या त्या नावाचा अर्थ ‘बेढब लिंग’. आज जगात कुठेही टायटन फुलायच्या बेतात आला की उद्यानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात, कॅमेरे लागतात आणि माणसं पैसे मोजून मेलेल्या उंदराचा वास घ्यायला रांग लावतात.

सुमात्राचा टायटन आणि जोयड्याचा सुरण एकाच अमॉर्फोफॅलस प्रजातीतले. या प्रजातीत दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या सर्वांत धिप्पाड जातीचं युरोप-अमेरिकेने प्रदर्शन मांडलं आणि सर्वांत पोटभरू जातीचा आपण रस्सा केला.

आपण ज्याला सुरणाचं फूल म्हणतो ते खरं तर एक फूल नव्हेच. तो एक जाडजूड दांडा असतो. त्याच्या तळाशी मादीफुलांची दाटी, तिच्यावर नरफुलांचा पट्टा आणि सगळ्यात वर तो मांसल, वेडावाकडा गोळा. भोवती मुरड पडलेलं मोठं पान, वनस्पतिशास्त्रातल्या मराठीत महाछद. पहिल्या संध्याकाळी फक्त मादीफुलं तयार असतात. वरचा गोळा तेव्हा तापू लागतो आणि त्या उष्णतेने वास हवेत पसरतो. वासात गंधकाची संयुगं असतात, डायमिथाइल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड. सडत्या मांसातूनही हीच बाहेर पडतात. म्हणजे सुरण मढ्याच्या वासाची नक्कल करत नाही, तो मढ्याचाच वास तयार करतो. रंगही तसाच, ताज्या नसलेल्या मांसाचा. मढ्यावर आणि शेणावर जगणारे भुंगेरे नि माश्या अंधारात या वासाच्या मागाने येतात. त्यांच्यातला एखादा आदल्या रात्री दुसऱ्या सुरणात जाऊन आलेला असतो आणि त्याच्या अंगाला तिथले पराग चिकटलेले असतात. ते इथल्या मादीफुलांवर उतरतात. दुसऱ्या दिवशी वास ओसरतो, नरफुलं फुटतात, पाहुण्यांच्या अंगावर नवी पूड पडते आणि ते पुढच्या मढ्याच्या शोधात निघतात. मादी आधी, नर नंतर. त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःलाच लागण्याची भानगड सहसा होत नाही.

पाहुण्याला इथे अंडी घालायला मांस मिळत नाही. शुद्ध फसवणूक आहे ही.

गंमत म्हणजे मेळ्यात सुरणाशेजारी बसलेल्या मुडलीच्या घराण्याचा कारभार याच्या उलट आहे. अळूवर्गातल्या फुलोऱ्यांना कोलोकॅसिओमायिया नावाच्या बारीक माश्या येतात, त्यातच अंडी घालतात, त्यांच्या अळ्या तिथेच वाढतात आणि बदल्यात परागांची ने-आण होते. एकाच टोपलीत एक रोखीने व्यवहार करणारा आणि एक थापाड्या.

या कुळाला ताप येतो हे माणसाला बरंच आधी कळलं होतं. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७७८ मध्येच एका युरोपीय एरमचा फुलोरा हाताला गरम लागतो, अशी नोंद केली. पण गरम का होतो हे कळायला दोन शतकं लागली. भारतातही रानात उगवणारा सॉरोमॅटम हा सुरणाचा चुलतभाऊ. त्याचा गड्डा माती-पाणी नसताना नुसता खिडकीत ठेवला तरी फुलतो, म्हणून युरोप-अमेरिकेत तो ‘व्हूडू लिली’ या नावाने शोभेसाठी विकला जातो आणि घेणाऱ्याला वासाचा प्रसाद नंतर मिळतो. १९८७ मध्ये इल्या रास्किन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की या फुलोऱ्याला तापवण्याचा इशारा सॅलिसिलिक आम्ल देतं. ॲस्पिरिनचं हे जवळचं नातलग. ज्याच्या नातलगाच्या गोळीने माणसाचा ताप उतरतो त्याने या झाडाला ताप चढतो.

वासांची मोजदाद झाली किऊलाच. तिथले रसायनतज्ज्ञ जेफ्री काइट आणि डच अभ्यासक विल्बर्ट हेटरशाइड यांनी १९९७ मध्ये अमॉर्फोफॅलसच्या अनेक जातींचे वास यंत्रावर तपासून प्रसिद्ध केले. काहींना मढ्याचा, काहींना शेणाचा, एखादीला जुन्या चीजचा आणि क्वचित एखादीला पिकल्या फळाचा वास निघाला. याच हेटरशाइडांनी तीन वर्षं आधी, १९९४ मध्ये, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव आणि के. एस. पाटील यांच्याबरोबर कोकणातल्या एका जातीला नाव दिलं होतं, अमॉर्फोफॅलस कोकणेन्सिस. सह्याद्री या प्रजातीच्या बाबतीत किती श्रीमंत आहे हे त्या वेळी आपल्याकडे फारसं कोणाच्या गावी नव्हतं.

सुरणाची कागदोपत्री हकिगत त्याहून जुनी आहे आणि तिच्यात कोकणी माणसाचा हात आहे. मलबारचा डच गव्हर्नर हेन्रिक व्हान ऱ्हीडे याने कोचीला बसून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ रचला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याच्या जोडीने तीन कोकणी वैद्य या कामात होते, रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट. गोव्यातून निघून कोचीत स्थिरावलेल्या सारस्वतांपैकी ते. त्यांनी २० एप्रिल १६७५ रोजी दिलेलं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलेलं आहे. ग्रंथाच्या अकराव्या खंडात, १६९२ मध्ये, सुरण आला तो ‘शेना’ या मल्याळी नावाने. ऱ्हीडेच्या त्या चित्राच्या आणि वर्णनाच्या आधाराने डेनश्टेट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये त्याला लॅटिन नाव बहाल केलं आणि त्यात ‘पेओनीच्या पानांचा’ असं विशेषण घातलं. पेओनी म्हणजे युरोपातल्या बागांचं लाडकं, सुगंधी फूल. पान बघून नाव ठेवलं हे बरं झालं. नाक वापरलं असतं तर वेगळंच काही सुचलं असतं. जुन्या मराठी पुस्तकांत सुरणाचं जे ‘कॅम्पॅन्युलेटस’ नाव आढळतं ते नंतर मागे पडलं आणि निकल्सन यांनी १९७७ मध्ये पेओनीचं विशेषण रीतसर परत बसवलं.

आपल्याकडचे ग्रंथ गड्ड्याकडे बघत होते. संस्कृतात सुरणाला अर्शोघ्न म्हणतात, म्हणजे मूळव्याध घालवणारा. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’ने त्याला सगळ्या कंदभाज्यांत पहिला मान दिला. पण मान मिळाला तरी खाज काही गेली नाही. सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात रुततात. म्हणून चिंच, आमसूल, आंबाडे असं काहीतरी आंबट घालून तो उकडायचा ही पिढीजात रीत. ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण ज्या कोणी रचली त्याच्या ताटात आंबट कमी पडलं असावं.

आता जोयडा. आजचा जोयडा तालुका म्हणजे जुना सुपा तालुका. काळी नदी याच तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगवते आणि कारवारला समुद्राला मिळते. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. मधल्या ९४ वर्षांत सुप्याचं रान मुंबई सरकारच्या जंगल खात्याच्या हाती होतं. या खात्याने इथे दोन कामं केली आणि ती दोन्ही सुरणाच्या गोष्टीत येतात.

पहिलं काम नोंदीचं. डब्ल्यू. ए. टॅल्बट हा या जिल्ह्यात काम केलेला जंगल अधिकारी. मुंबई इलाखा आणि सिंधच्या वनवृक्षांवरचा त्याचा ग्रंथ १९०९ ते १९११ मध्ये निघाला. टी. आर. बेल हा दुसरा. तो कारवारला आला आणि कारवारचाच झाला, १९४८ मध्ये वारलाही तिथेच. फुलपाखरं हा त्याचा मूळ ध्यास. सुरवंट कुठलं पान खातो हे बघता बघता तो झाडांकडे वळला आणि एल. जे. सेजविक या आयसीएस अधिकाऱ्याच्या जोडीने त्याने उत्तर कन्नडच्या रानातल्या वनस्पती गोळा केल्या. कीटक आणि फूल यांचा व्यवहार एकत्र बघणारी असली माणसं सरकारी नोकरीत दुर्मीळच. सेजविकने १९२१ मध्ये इथल्याच एका वेलीला नाव दिलं, सेरोपेजिया फँटास्टिका. कंदीलपुष्प, खरचुडी या नावांनी आपण जिला ओळखतो त्या कुळातली ही वेल.

कंदीलपुष्पाचं थोडं सांगितलंच पाहिजे, कारण फसवणुकीत हे सुरणाचे वस्ताद शोभतील. त्यांचं फूल म्हणजे माशीसाठी लावलेला सापळा. आत घसरायला निसरडी नळी, बाहेर पडायला आडवे येणारे केस आणि परागण होऊन केस मऊ पडले की सुटका. शोभेसाठी जगभर वाढवल्या जाणाऱ्या सेरोपेजिया सँडरसोनी या आफ्रिकी वेलीवर आनेमारी हायडुक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काम प्रसिद्ध केलं. कोळ्याच्या तावडीत सापडलेली मधमाशी जो भयाचा वास सोडते तोच वास हे फूल सोडतं. अशा घायाळ मधमाशीच्या अंगातला रस चोरून पिणाऱ्या बारक्या माश्या असतात, त्या धावत येतात आणि अडकतात. याच घराण्यातली शिंदळ माकुडी, फ्रेरिया इंडिका, डॅल्झेलने १८६५ मध्ये जगापुढे आणली ती जुन्नरच्या डोंगरांवरून आणि नाव दिलं तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं. तिचं चांदणीसारखं देखणं फूलही माश्यांसाठीच. नाक फार जवळ नेऊ नये. आज रसाळ झाडांच्या शौकिनांत तिच्या कुंड्या मिरवतात.

खात्याचं दुसरं काम बंदोबस्ताचं. इथला कुणबी कुमरी करायचा. रानाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरायची आणि दोन-तीन हंगामांनी पुढे सरकायचं. सरकारला सागवान हवं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुमरीवर बंधनं येत गेली. रान पायाखाली असून पेरायला जागा नाही, अशी गत. मग उरलं ते घरामागचं परसू. तिथे दाट सावली, पावसाचा मारा आणि रानडुकरांची वर्दळ. धान्यापेक्षा जमिनीखाली वाढणारं पीक अशा जागी बरं. कुमरी आटत गेली तसा कंदांचा मान चढत गेला, असं म्हणायला जागा आहे. भाताची कणगी रिकामी झाली की पावसाळ्याचे दिवस कंदांवर काढायचे, ही इथल्या घरांची बेगमी.

परसातल्या सुरणाचा रिवाज असा. गड्ड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला डोळ्याचा अंश राहील असे. ते शेणकाल्यात बुडवून वाळवायचे आणि पावसाच्या आधी खड्ड्यात घालायचे. प्रत्येक तुकड्यातून एकच पान येतं. लोक ज्याला सुरणाचं झाड समजतात ते झाड नसून एकटं पान असतं, ठिपक्याठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखं उघडलेलं. पावसाळाभर ते खाली अन्न धाडतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळं पडून मान टाकतं. मग खणायचं. जमिनीत राहिला असता तर हाच गड्डा उन्हाळाभर झोपून, वळवाच्या आसपास, पान फुटण्याआधी, साठवलेल्या सगळ्या शिदोरीवर एक फुलोरा उभा करणार होता. तो भुंगेऱ्यांना बोलावणार होता आणि पुढे लाल दाण्यांचं कणीस पाखरांपुढे धरणार होता. माणसाने तुकडा लावला आणि ही सगळी यात्राच रद्द झाली. जोयड्यातल्या एखाद्या परसातला आजचा सुरण म्हणजे पणज्याने लावलेल्या सुरणाचाच तुकडा असू शकतो. मध्ये बी नाही, भुंगेरा नाही, मढ्याचा वास नाही.

नवं वाण काढायचं झालं की मात्र फुलाकडेच जावं लागतं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने, तिची स्थापना १९६३ ची, सुरणावर जे काम केलं त्यातून ‘श्री पद्मा’सारखे निवडलेले आणि ‘श्री आतिरा’सारखे संकरित वाण आले. संकर करायचा तर एका गड्ड्याची मादीफुलं जागी असतील त्याच वेळी दुसऱ्याचे पराग हाती असायला हवेत. म्हणजे शास्त्रज्ञाने भुंगेऱ्याची पाळी करायची, तीसुद्धा त्या वासात उभं राहून.

सुरणाचं फूल माणसाने खणून टाळलं. त्याच्या रानटी भावाचं फूल तर माणसाने सरळ खाल्लं. ठाणे, पालघर, रायगडात जूनच्या तोंडावर ज्या शेवळांच्या जुड्या बाजारात येतात ती शेवळं म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटेटसचे न उमललेले फुलोरे. ही जाती फक्त भारताच्या पश्चिम घाटपट्ट्यातली, जगात दुसरीकडे नाही. पहिल्या सरींच्या आगेमागे जमिनीतून तांबूस-जांभळा कोंब वर येतो. तो उघडायच्या आत आदिवासी बाया तो खुडतात आणि कल्याण, डोंबिवली, ठाणे, दादरच्या फुटपाथवर घेऊन बसतात. जोडीला काकडांची पुडी हवीच, त्या आंबट-तुरट फळांशिवाय शेवळाची खाज मरत नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरात शेवळं कोलंबीत पडतात, खिम्यात पडतात आणि वर्षातून एकदा तरी ती झालीच पाहिजेत असा दंडक असतो.

शेवळं साफ करण्याची रीत बघण्यासारखी आहे. बाहेरची पानं सोलायची, दांडा उकलायचा आणि तळाकडचा पिवळट, दाणेदार भाग काढून फेकून द्यायचा. तो राहिला तर घसा धरतो, एवढंच घरोघरी सांगितलेलं असतं. तो दाणेदार भाग म्हणजेच फुलं. वासाचा दांडा आणि झाकणारं पान हांडीत जातं, झाडाचा वंश केराच्या बादलीत. उमलण्याआधीच खुडल्यामुळे शेवळाच्या वासाची शिसारी कोणाला आलेली नसते. उमललेलं शेवळ कोणी एकदा हुंगलं तर पुढच्या जूनला कोलंबी नुसतीच होईल.

या शेवळाचा एक उपप्रकार शास्त्रात जोयड्याच्या नावावर आहे, व्हरायटी अनमोडेन्सिस. बेळगावहून फोंड्याकडे उतरताना जो अनमोड घाट लागतो त्याच्या माथ्यावरचं अनमोड हे जोयडा तालुक्यातलं गाव. पर्यटक तिथे चहाला थांबतात, धुकं बघतात, दूधसागरची चौकशी करतात. रस्त्याकडेच्या रानात पावसाच्या तोंडाशी काय वर येतं याची चौकशी क्वचितच होते.

सुपा गाव आता पाण्याखाली आहे. काळी नदीवरचं १०१ मीटर उंचीचं सुपा धरण १९८७ मध्ये पुरं झालं, जुनं तालुक्याचं ठिकाण बुडालं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. उठवलेल्या कुटुंबांसाठी रामनगर वसवलं गेलं. त्याच १९८७ मध्ये अणशीच्या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे २००७ मध्ये दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचं नाव २०१५ मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प असं ठेवण्यात आलं. धरण, उद्यान, वाघ या तिन्हींच्या मध्ये कुणब्यांच्या वाड्या राहिल्या. सीमेपलीकडे गोव्यात कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इकडच्या कुणब्यांची तीच मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. परसातल्या कंदांचा मेळा भरवणं हेही त्याच धडपडीतून सुचलेलं दिसतं. आमच्याकडे काय आहे ते बघा तरी, असं सांगणं. लोक खरोखरच बघायला येऊ लागले, हे या मेळ्याचं यश.

रानाची बाजू पुण्याच्या सचिन पुणेकरांनी लावून धरली. पी. लक्ष्मीनरसिंहन यांच्यासह त्यांनी लिहिलेला अणशी राष्ट्रीय उद्यानाच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २०११ मध्ये निघाला. त्याआधी २०१० मध्ये के. पी. एन. कुमारन यांच्याबरोबर त्यांनी ‘फ्लोरा’ या नियतकालिकात उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या अमॉर्फोफॅलस जातींचे पराग आणि त्यांच्याकडे येणारे कीटक यांवर निबंध लिहिला. म्हणजे बेलच्या काळात सुरू झालेला कीटक-फुलांचा हिशेब शंभरेक वर्षांनी, त्याच डोंगररांगेत, मराठी माणसाच्या हातून पुढे सरकला. किऊच्या काचघरात टायटनसमोर रांग लावणारे पुष्कळ. पण या कुळाकडे कोणता कीटक कोणत्या रात्री येतो हे बघायला इथल्या रानात कंदील घेऊन बसणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

जानेवारीत जोयड्याच्या मेळ्याला जाणं झालं तर सुरण दोन घ्या. एक आमसूल घालून शिजवा. दुसरा तीन-चार किलोंचा, डोळा शाबूत असलेला बघून घ्या आणि तुकडे न करता, घरापासून जरा लांब, अंगणाच्या कडेला पुरून ठेवा. पाणी घालू नका. मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी तो उघडेल. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि नाकाला रुमाल लावून टॉर्च घेऊन बसा, भुंगेरे यायला फार वेळ लागत नाही.